काचेच्या खोलीला कुठले ब्लाइंड?

प्रश्न : ताई, आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. घरामागे कन्झर्व्हेटरी, म्हणजे काचेची खोली आहे, छप्परसुद्धा काचेचं, तोंड नैर्ऋत्येला. उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतात. बाबांना पेपर घेऊन तिथेच बसायचं असतं, पण दुपारी तीननंतर आत पाय ठेववत नाही. एका दुकानदाराने छपरासकट सगळीकडे पिनोलियमचे ब्लाइंड सुचवलेत. दिसतात सुरेख, पण आकडा ऐकून धडकी भरली. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. काय घ्यावं?
– स. कु.

उत्तर : सगळ्या बाजू झाकायच्या हा दुकानदाराचा हिशेब झाला. तुमचा हिशेब उन्हावरून मांडा. या देशात ब्लाइंड मापण्या-बसवण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. गिऱ्हाइकांना मी पहिलं एकच सांगायचे : एक दिवस खोलीत फिरून बघा, किती वाजता कुठल्या काचेतून ऊन येतंय.

जूनमध्ये तुमच्याकडे भर दुपारी सूर्य ६२ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा मारा छपरावर. मग तो पश्चिमेकडे कलतो आणि सव्वानऊनंतर मावळतो, म्हणजे तुमच्या नैर्ऋत्येच्या काचा तासन् तास तापतात. तेव्हा आधी छप्पर, मग ती बाजू. ईशान्येच्या कोपऱ्याला छदामही घालू नका. बागेकडे बघायला काहीतरी मोकळं राहू द्या की.

पिनोलियम म्हणजे लाकडाच्या बारीक काड्या दोऱ्याने विणलेला पडदा, आपल्याकडच्या चिकांचा गोरा चुलतभाऊ. उजेड गाळून देतो, मलाही फार आवडतो. पण काड्यांच्या फटींतून थंडीत ऊब निसटते. तुमच्या छपराला मी हनीकोम्ब घेईन. त्यात कापडाचे दोन थर असतात आणि मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे. कप्प्यांत हवा अडकते, म्हणून जानेवारीतही उपयोग. मात्र काचेकडची बाजू चंदेरी, ऊन परतवणारी हवी. कारण ऊन एकदा काचेतून आत आलं, सोफ्या-फरशीवर पडलं, की त्याची उष्णता होते आणि ती आल्या वाटेने परत जात नाही. आतला ब्लाइंड उन्हाला काच ओलांडल्यावरच गाठतो. म्हणून ते जमेल तेवढं तिथूनच माघारी धाडायचं. खरं तर बाहेरून सावली केलेली केव्हाही सरस. नैर्ऋत्येला बाहेर गुंडाळता येणारी कापडी छत्री, म्हणजे ऑनिंग, बसत असेल तर त्याची किंमत आधी काढा.

आणि छपराची झडप उघडी ठेवा हो! सगळं बंद करून नुसते ब्लाइंड ओढले तर गरम हवा काच आणि कापडाच्या मध्ये कोंडते. काचेलाही ते सोसत नाही, कधी तडा जातो.

बाजूच्या खिडक्यांना व्हर्टिकल पट्ट्या घेऊ नका. खिडकी उघडली की फडफड आणि तुमचा मुलगा त्यांत लपाछपी खेळणार. परफेक्ट फिट मागा. ब्लाइंड स्वतःच्या चौकटीसकट येतो आणि खिडकीच्या रबरात क्लिपांनी अडकतो. चौकटीला भोक पाडावं लागत नाही आणि खिडकीबरोबर तोही उघडतो. शिवाय दोरी-साखळीची भानगड नाही, हाताने वर-खाली सरकवायचा. लहान मूल असलेल्या घरात मी दुसरं काही बसवूच देणार नाही. लोंबत्या फासात अडकून इथे मुलं दगावली आहेत. २०१४ मध्ये त्यासाठीचं मानक कडक झालं, पण घरात आधीपासून असलेले जुने ब्लाइंड तसेच लोंबत असतात. बेडरूममधले आजच तपासा. साखळी असेल तर ती भिंतीला ताणून धरणारी क्लिप लावून घ्या.

कापड पॉलिएस्टरचं, दमटपणा सोसणारं. हिवाळ्यात काचेवरून पाणी ओघळतं आणि सुती कापडाला बुरशी धरते. रंग फिका घ्या.

छपराचा प्रत्येक खण वेगळा मापून शिवावा लागतो. त्रिकोणी खण महाग पडतात. म्हणून कोटेशनमध्ये प्रत्येक खणाची किंमत वेगळी लिहून मागा, म्हणजे कुठले खण गाळायचे ते तुम्हाला ठरवता येईल. आणि दुकानदार 'आज सही केलीत तर निम्म्या किमतीत' म्हणाला, तर चहा पाजून वाटेला लावा.