फोटो हलवला की मजकूर पळतो!

प्रश्न : सासऱ्यांनी वहीत लिहून ठेवलेल्या आठवणी मी वर्डमध्ये टाइप केल्या. आता त्यात जुने फोटो घालून घरच्यांसाठी पुस्तिका करायची आहे. पण एक फोटो जरा सरकवला की पुढच्या सगळ्या पानांची वाट लागते. एक परिचित म्हणतात पेजमेकर शिका, पुतणी म्हणते कॅनव्हा. घरच्या संगणकावर नेमकं काय घ्यावं?

उत्तर : काहीच घेऊ नका. तुमचं काम मजकुराचं आहे, फोटो त्याच्या सोबतीला आहेत. त्याला वर्ड पुरतो, किंवा फुकट मिळणारा लिबरऑफिस रायटर.

फोटो पळतो तो 'अँकर'मुळे, म्हणजे नांगरामुळे. 'रॅप टेक्स्ट'मध्ये 'स्क्वेअर' निवडलंत की फोटो सुटा वाटतो, पण असतो कुठल्या तरी परिच्छेदाला बांधलेला. फोटोवर क्लिक केल्यावर बाजूला नांगराचं बारीक चिन्ह दिसतं ना, तेच ते. तुम्ही फोटो ओढता, नांगर भलत्याच परिच्छेदात जाऊन रुततो आणि तो परिच्छेद पुढच्या पानावर गेला की फोटोही त्याच्या मागोमाग. म्हणून 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेवा. मग वर्ड फोटोला एक भलंमोठं अक्षर समजतो आणि तो आपली ओळ सोडत नाही. फोटोखाली नावं लिहायची असतील तर एकाच खान्याचं टेबल घ्या, वर फोटो, खाली ओळ. टेबल प्रॉपर्टीजमधली 'अलाऊ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस'ची खूण काढा आणि टेबलाच्या रेघा घालवा. फोटो एका पानावर आणि आजोबांचं नाव दुसऱ्या पानावर, असं होणार नाही.

आणखी एक खोडी. वर्ड फाइल सेव्ह करताना मोठे फोटो गुपचूप लहान करतो, बहुधा २२० पीपीआयपर्यंत (पीपीआय म्हणजे एका इंचात बसणारे ठिपके). छपाईला ३०० बरे. फोटो घालण्याआधीच ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्डखाली 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' चालू करा.

पेजमेकर हा पानं लावायचा जुना प्रोग्रॅम. त्याची शेवटची आवृत्ती २००१ची. त्याला युनिकोड, म्हणजे हल्ली मराठी टाइप होते ती पद्धत, कळत नाही. तुमचा टाइप केलेला सगळा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलून घ्यावा लागेल. ज्यांचा हात बसलाय त्यांनी वापरावा, नव्याने शिकण्यात अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टच्या 'पब्लिशर' या तशाच प्रोग्रॅमच्याही वाटेला जाऊ नका, कंपनीने ऑक्टोबर २०२६ ही त्याची अखेर जाहीर केली आहे. पुतणीला मुखपृष्ठ द्या. कॅनव्हा त्यात पटाईत आहे, पण सलग मजकुराची पानंच्या पानं त्यात लावणं म्हणजे डोक्याला ताप.

प्रत्येक पानाची मांडणी वेगळी हवी असेल तरच पानं लावायचा 'स्क्रायबस' हा प्रोग्रॅम घ्या. तोही फुकट आहे, पण शिकायला वेळ मागतो. १.६ किंवा त्यापुढचीच आवृत्ती उतरवा, जुन्या १.४मध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात. आधी 'सासऱ्यांच्या' एवढंच टाइप करून पीडीएफ काढा. ऱ्या नीट आला तर पुढे जा.

छापायला देताना वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफच द्या. नाहीतर तिथल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला की सगळं पुन्हा विस्कटेल. मधोमध पिना मारून पुस्तिका करणार असाल तर पानांची संख्या चारच्या पटीत बसवा. जुने फोटो स्कॅन करताना तेवढ्याच आकारात छापायचे तर ३०० डीपीआय (इथेही इंचातले ठिपकेच), दुप्पट करायचे तर ६००. आणि नातेवाइकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवणार असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ते वाटेत लहान होणार नाहीत.