चष्म्याच्या शिबिरासाठी सामान घेताना

ऑटोरिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे डोळ्याचा नंबर आपोआप काढणाऱ्या यंत्राच्या, मागे आत्ताच लागू नकोस. पाड्यावर वीज गेली की तो नुसता खोका. चार्ज केलेला स्ट्रीक रेटिनोस्कोप (डोळ्यात प्रकाशाची रेघ टाकून नंबर काढायचं हातातलं उपकरण), ट्रायल लेन्सची, म्हणजे नंबर ठरवताना लावून बघायच्या भिंगांची पेटी, ती भिंगं बसवायची ट्रायल फ्रेम आणि 6 मीटरवर लावायचा मराठी अक्षरांचा तक्ता, एवढ्यावर चष्म्याचं शिबिर निघतं. पेटी जुनी चालेल, हरियाणात उपकरणं बनतात त्या अंबाल्याची चालेल. पण पैसे देण्याआधी +2 आणि −2 ची भिंगं एकावर एक धर, त्यांतून खिडकीच्या गजाकडे बघ आणि भिंगं धरलेला हात हलव. दोन्ही नंबर एकमेकांना खोडतात, म्हणून गज जागच्या जागी दिसायला हवा. गज सरकताना दिसला तर एकाचा तरी नंबर खोटा. मी न तपासता घेतलेली एक पेटी अजून माळ्यावर पडली आहे! कोकणात पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. चाळिशीचे तयार चष्मे, +1 ते +3, घाऊकच घे.