खानापुरात घरीच शेवटच्या घटका मोजणाऱ्या आजीला गंगाजल चमच्यानं पाजावं का? डेथ डौला काय करते?

नको, चमच्यानं ओतू नका. तुळशीचं पान गंगाजलात बुडवून ओठांना टेकवा, तेवढं पुरे. शेवटी गिळणं मंदावतं, पाणी श्वासनलिकेत जातं नि ठसका लागतो. घशातली घरघर साठलेल्या लाळेची असते. तहान समजून घरचे पाजत राहतात, बिघडतं ते तिथंच. कुशीवर वळवा, पाठीला उशी लावा, तासातासानं पिळलेला ओला कापूस ओठांवरून फिरवा. डौला, म्हणजे मरणाऱ्याची सोबतीण, हेच शिकवते. अभंग कोण म्हणणार, शेजारी कोण बसणार हेही आधी ठरवून घेते. औषध-इंजेक्शन मात्र डॉक्टरांचंच काम. आजी पूर्ण जागी असून स्वतः पाणी मागत असेल, तर टेकवून बसवा आणि अर्धा-अर्धा चमचा द्या.