टिकी २१ मध्ये बदल करा, पण दोऱ्या काढून बोल्ट टाकू नका

तुमचा प्रश्न असा आहे: ब्रिस्बेनला गॅरेजमध्ये जेम्स वॉरम यांच्या आराखड्यावरून टिकी २१ ही दोन हलांची (म्हणजे दोन अरुंद सांगाड्यांची) शिडाची बोट, कॅटामरान, बांधताय, ट्रेलरवरून नेणार आहात. दोन्ही हल जोडणाऱ्या आडव्या बीमच्या दोऱ्यांऐवजी स्टेनलेसचे बोल्ट, केबिन २० सेंटिमीटर उंच आणि मधल्या डेकवर छोटा पॉड (बंदिस्त खोली), हे बदल कोणत्या क्रमाने ठरवावेत?

क्रमाचं नंतर बघू. आधी बोल्टचं, कारण ‘दोरीने बांधलेली बोट म्हणजे जुगाड’ हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

लाटेवर दोन्ही हल एकत्र हलत नाहीत. एकाची नाळ (पुढचं टोक) वर उचलली जाते तेव्हा दुसऱ्याची खाली असते आणि तो सगळा पीळ बीमच्या टोकांशी येतो. दोरी तिथे किंचित सैल देते आणि भार सगळ्या वेढ्यांवर वाटला जातो. बोल्ट काहीच देत नाही. तो भार ६ मिमी प्लायमधल्या भोकाच्या काठावर बसतो. भोक लांबट होतं, वरचा एपॉक्सीचा (चिकट राळेचा) थर तडकतो, पाणी आत जातं आणि वरचा रंग शाबूत असताना प्लाय आतून कुजतो. शिवाय ओल्या लाकडात कोंडलेल्या स्टेनलेसला हवा मिळत नाही, मग डोकं चकचकीत दिसतं आणि आतला दांडा खड्डे पडून बारीक झालेला असतो. दोरी झिजली तर डोळ्यांना दिसते; कापून नवी बांधता येते.

रोरी मॅकडूगलने १९९१ ते १९९७ या काळात ‘कुकिंग फॅट’ नावाच्या टिकी २१ मधून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही दोरीने बांधलेलीच होती. आपल्या कोकणातल्या उलांडीच्या (बाजूला तरंगता ओंडका जोडलेल्या) होडीच्या आडव्या काठ्यासुद्धा दोरीनेच बांधलेल्या असतात. याला जुगाड म्हणणाऱ्यांनी आधी एखादा बोल्ट सोडवून आतलं लाकूड बघावं.

दोरी प्री-स्ट्रेच (आधीच ताणून घेतलेल्या) पॉलिएस्टरचीच घ्या. नायलॉन ओलं झालं की ताणतं, ते नको. उभे वेढे प्लॅनमध्ये दिलेत तितकेच घाला, एकावर एक चढू न देता शेजारी शेजारी, आणि प्रत्येक वेढा ओढून बसवा. मग त्या वेढ्यांच्या मधोमध आडवे आवळवेढे घाला, खरा ताण त्यांनीच येतो. पहिल्या सफरीनंतर दोरी बसते, तेव्हा पुन्हा आवळा. बोल्टमागे तुमचा हेतू धक्क्यावर वेळ वाचवण्याचा असेल, तर प्रत्येक सांध्याची दोरी आधीच मापून कापा, टोकं वितळवा आणि सांध्यानुसार रंगाची खूण करा. वेळ गाठीत जात नाही, कुठली दोरी कुठली हे शोधण्यात जातो.

आता वजन. ऑस्ट्रेलियात ट्रेलरच्या चाकांवरचा भार ७५० किलोच्या आत असेल तर ब्रेक लागत नाहीत. रिकामी बोट साधारण ३६० किलो, ट्रेलर २५० ते ३००. उरले ९० ते १४० किलो, आणि त्यातच आउटबोर्ड इंजिन, नांगर, साखळी, शिडं. ती रेषा ओलांडलीत की खाऱ्या पाण्यात बुडणारे ब्रेक सांभाळत बसा.

केबिन उंच करण्याने फारसं वजन वाढत नाही. २ मीटर लांबीच्या केबिनला दोन्ही हलांवर मिळून १.६ चौरस मीटर प्लाय वाढतो. ग्लास-एपॉक्सीसकट चौरस मीटरला ४ किलो धरले तरी साडेसहा किलो. वाऱ्याला अडणारं अंग मात्र वाढतं, आणि धक्क्याला लागताना आडव्या वाऱ्यात ते जाणवेल. प्लाय जोडताना ८:१ चा स्कार्फ (तिरका कापून चिकटवलेला सांधा), म्हणजे ६ मिमी प्लायला ४८ मिमी.

पॉडचा हिशेब वेगळा. जमीन, भिंती, छत मिळून १० चौरस मीटर, चौकट धरून ५० किलो. वॉटरलाइनला (पाण्याच्या पातळीला) हल ५.६ मीटर लांब आणि मध्यावर अर्धा मीटर रुंद धरले, तर टोकांकडे ते निमुळते होत असल्याने दोन्ही मिळून सेंटिमीटरला जेमतेम ३७ किलो पेलतात. म्हणजे रिकामा पॉडच बोट जवळजवळ दीड सेंटिमीटर खाली बसवतो. वर माणसं येणार ती वेगळीच. आणि हल सुटे करून ट्रेलरवर चढवल्यावर पॉड ठेवणार कुठे? याचं उत्तर सापडेपर्यंत त्याचा प्लाय कापू नका.

तर क्रम: आधी प्रत्येक तुकडा चिकटवण्यापूर्वी काट्यावर तोलून वहीत लिहा, पुढच्या टोकापासूनच्या अंतरासकट. मग पुठ्ठ्याची केबिन उभी करून आत बसून बघा. पॉड शेवटी. क्लीट (दोरी अडकवायची खुंटी) आणि हॅच (डेकवरचं झाकण) यांच्यासाठी लागणारे छोटे बोल्ट चालतील, पण ८ मिमीच्या बोल्टला १४ मिमीचं भोक पाडा, दाट केलेल्या एपॉक्सीने भरा, आणि ते कडक झाल्यावर त्यातून ८ चं पाडा.

बोल्ट मुळातच वाईट असं माझं म्हणणं नाही. डिझायनर फॅरियरच्या फोल्डिंग ट्रायमरानमध्ये (घडी होणाऱ्या तीन हलांच्या बोटीत) बोल्ट आणि बिजागऱ्याच आहेत. तिथले बल्कहेड (आतल्या आडव्या भिंती) आणि लॅमिनेट (ग्लासचे थर) त्या भारासाठीच आखलेले असतात, टिकीचे नाहीत. जेम्स वॉरम २०२१ मध्ये गेले, पण त्यांचं डिझाइन ऑफिस चालू आहे. केबिन आणि पॉडची रेखाटनं तिकडे पाठवा, आणि विम्यासाठी त्यांचं उत्तर जपून ठेवा.