'ब्रे'चं मूळ शोधताना

सप्रेम आशीर्वाद,

तुझं टिपण दोनदा वाचलं. स्कॉट्स, म्हणजे स्कॉटलंडमधली इंग्रजीची सख्खी बहीण असलेली भाषा. तिच्यातला 'ब्रे' म्हणजे डोंगरउतार आणि त्याचं नातं थेट आपल्या 'भ्रू'शी, म्हणजे भुवईशी, हा तुझा निष्कर्ष. उत्साह समजतो, पण घाई झाली आहे. दोन शब्द सारखे दिसले की मन लगेच सोयरीक जुळवतं. व्युत्पत्तीत तेवढ्यावर भागत नाही.

आधी अर्थ नीट पाहा. 'ब्रे' हा डोंगराचा उतार आहेच, शिवाय नदीकाठची चढण आणि चढाचा रस्ताही आहे. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने 1791 मध्ये डून नदीवर गीत लिहिलं, त्यातले 'ब्रे' काठालगतचे आहेत. त्याच एअरशर भागात 'इलेक्ट्रिक ब्रे' नावाचा रस्ता आहे. तिथे दृष्टिभ्रमामुळे उतार चढासारखा दिसतो आणि सोडलेली गाडी चढावर जातेय असं वाटतं. तुझ्या टिपणात फक्त डोंगर आला, नदी आणि रस्ता राहून गेले.

आता मूळ. कोशकार हा शब्द जुन्या नॉर्समधल्या, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतल्या, 'ब्रा'कडे नेतात. त्याचा अर्थ पापणीचा केस. तिथून भुवई, आणि भुवईवरून टेकडीची पुढे आलेली कड, असा अर्थ सरकला. पण अर्थ जुळला म्हणून मी मान्य करणार नाही, ध्वनीही जुळायला हवा. जुन्या इंग्रजीतला दीर्घ 'आ' दक्षिणेत 'ओ'कडे गेला आणि उत्तरेत 'ए'कडे. म्हणून दगडाला इंग्रजीत 'स्टोन', स्कॉट्समध्ये 'स्टेन'. घराला 'होम' आणि 'हेम'. त्याच वाटेने 'ब्रा'चा 'ब्रे' होतो. ही वाट सापडली की शब्दावर विश्वास ठेवायचा, आधी नाही.

याहून सुंदर पुरावा स्कॉट्समध्येच आहे. भुवईसाठी तिथे 'ब्री' असाही शब्द आहे, आणि तो जुन्या इंग्रजीतल्या सगोत्र रूपातून आला. म्हणजे एकाच कुळातले दोन भाऊ: 'ब्री' घरचा, 'ब्रे' समुद्रापारच्या लोकांकडून आलेला. मला तर या जोडीचं फार अप्रूप आहे. नॉर्स वळणाचे शब्द तिथे कसे पोचले, तेही वाच. स्कॉटलंडच्या पहिल्या डेव्हिड राजाच्या काळात (1124 ते 1153) व्यापारी गावं वसवली गेली. तिथे उत्तर इंग्लंडमधून माणसं आली आणि त्यांच्या बोलीत असे शब्द मुरलेले होते.

मग 'भ्रू'? संस्कृत 'भ्रू', ग्रीक 'ओफ्रुस' आणि इंग्रजी 'ब्राउ' ही नक्की एका घरची. ग्रीकमध्येही तो शब्द भुवईवरून टेकडीच्या कडेला लागला. पण 'ब्रा'चं कूळ बहुतेक कोशकार वेगळं मानतात. दोन्ही कुळांनी तेच वळण घेतलं, हे नोंदव. नातं जोडू नको.

दुसरा सापळा स्कॉटलंडच्या दुसऱ्या भाषेचा, गेलिकचा. 'ब्रेमार' या गावाच्या नावातला 'ब्रे' स्कॉट्सचा नाहीच, तो गेलिक 'ब्राय' म्हणजे वरचा भाग. गेलिक केल्टिक भाषाकुळातली आहे, स्कॉट्स इंग्रजीसारखी जर्मानिक कुळातली. नकाशावर दोन्ही एकाच अक्षरांत लिहिलेले सापडतील. म्हणून गावाच्या नावावरून निष्कर्ष काढण्याआधी तिथे कोणती भाषा बोलली जात होती ते तपास. ॲबर्डीन शहरातला 'विंडमिल ब्रे' हा रस्ता तुझ्या कामाचा, ब्रेमार नाही.

जॉन जेमिसनचा स्कॉट्स कोश 1808 चा आहे. तो जुना म्हणून टाकू नकोस, पण त्यातली व्युत्पत्ती जशीच्या तशी उचलू नकोस. 'डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' 2004 पासून सर्वांसाठी मोफत आहे. तिथे 'ब्रे'ची अवतरणं कालक्रमाने लाव: आधी नदीकाठ, मग उतार, मग रस्ता असा क्रम खरंच दिसतो का, ते पाहा. नाही दिसला तर तसं लिही. पुढच्या पत्रात मला ती अवतरणं हवीत, निष्कर्ष नको.

तुझा हितचिंतक