मशीन विकलं, माल मात्र उचलेनात

प्रश्न : ताई, मी बार्शीची. मागच्या वर्षी मुद्रा लोन काढून अगरबत्तीचं मशीन घेतलं, १ लाख ८० हजाराला. कंपनीवाला म्हणाला तासाला दहा किलो माल निघेल, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच उचलू, तीन वर्षांचा करारही केला स्टॅम्प पेपरवर. मशीन चार किलोच्या वर जातच नाही. पहिला लॉट घेतला, पैसे दिले, नंतर काडी वाकडी, ओलावा जास्त असं म्हणून सगळा माल परत, आता तर फोनच उचलत नाहीत. पोलीस म्हणतात सिव्हिल मॅटर आहे, आणि करारात लिहिलंय की केस फक्त त्यांच्या शहरात. काय करू?

उत्तर : ताई, आधी एक सांगते, बँकेचे हप्ते बाकी असतील तर ते थांबवू नका. बँकेचा व्यवहार वेगळा, कंपनीचा वेगळा, आणि खातं थकलं तर त्रास तुम्हालाच.

आता कंपनीचं. ते लोक हमखास म्हणणार की मशीन धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. तसं नाहीये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कामात धरत नाहीत, म्हणून तक्रारीत हे स्पष्ट लिहा की मशीन मी स्वतः चालवते आणि घर यावर चालतं. तक्रार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. तुम्ही राहता तिथे तक्रार करायचा हक्क कायद्यानेच दिलाय, त्यामुळे करारातल्या त्या अटीला घाबरून गप्प बसू नका. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत मात्र दोन वर्षं, ती घालवू नका.

पुरावा इथे सगळ्यात मोठा. तासभर मशीन सलग चालवून व्हिडिओ काढा, भिंतीवरचं घड्याळ दिसू द्या, आणि निघालेला माल तिथेच काट्यावर ठेवून वजन दाखवा. दहा किलो सांगणारं पत्रक, व्हॉट्सॲपचे मेसेज, परत आलेल्या मालाची पावती, सगळं जपा, चॅट डिलीट करू नका, फोन बदलला तरी जुना ठेवा. वाकडी काडी, ओलावा याचं मोजमाप करारात लिहिलंय का तेही बघा, नसेल तर नाकारणं मनमानी ठरतं असं ठामपणे मांडता येतं.

मग वकिलाकडून नोटीस, स्पीड पोस्टाने. मशीन परत घ्या, पैसे व्याजासह द्या आणि करार मोडल्याची भरपाई द्या, करार कायद्याच्या कलम ७३ खाली ती मागता येते. नोटिशीनंतर ते थोडे पैसे देऊन 'आता काही बाकी नाही' अशा कागदावर सही मागतील, ती अजिबात करू नका.

पोलिसांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. माल उचलायचा विचार सुरुवातीपासूनच नव्हता असं दिसलं तर ती फसवणूक, भारतीय न्याय संहिता कलम ३१८. त्याच कंपनीने अजून कुणाला असं फसवलंय का ते शोधा, चार-पाच जणी भेटल्या तर एकत्र जा आणि अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ठाण्यात घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवा.