मान उचलता येते का? नर्सिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

वॉर्डातलं काम, नर्सिंगचं शिक्षण आणि घरी आजारी माणसाचं करणं यांवर प्रश्न पाठवा, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. नावं ज्यांची त्यांच्याकडेच राहू द्या, गावं तेवढी दिली आहेत.

प्रश्न : मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. प्रत्येक पोस्टिंगला नर्सिंग केअर प्लॅन, म्हणजे त्या पेशंटची काळजी कशी घ्यायची याचा आराखडा, लिहावा लागतो. सगळ्या मुली सीनियरची वही बघून उतरवतात, मीही उतरवते. वॉर्डात मात्र एकही स्टाफ सिस्टर असा प्लॅन लिहिताना दिसत नाही. मग हे शिकायचं कशासाठी? (विद्यार्थिनी, गडहिंग्लज)

खरं लिहिलंस, बरं वाटलं. उतरवलेल्या प्लॅनचा कुणालाच उपयोग नाही, तुला नाही आणि पेशंटला तर नाहीच. पण ज्या सिस्टर तुला लिहिताना दिसत नाहीत, त्यांच्यातल्या चांगल्या सिस्टर तो प्लॅन डोक्यात करत असतात. कॉटजवळून जाताना त्यांची नजर कुठे कुठे जाते, ते एक दिवस नुसतं बघ.

पाच पायऱ्या तुला पाठ असतील : माहिती घेणं, नर्सिंग निदान, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. नर्सिंग ही एक प्रक्रिया आहे, हा विचार अमेरिकेत १९५५ साली लिडिया हॉल यांनी मांडला. १९६१ मध्ये आयडा जीन ऑर्लँडो यांनी तो पुढे नेला आणि १९७३ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने तो व्यवसायाच्या मानकांत घेतला. ऑर्लँडो यांची एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. पेशंटच्या वागण्यावरून आपल्या मनात जे येतं, ते खरं धरून चालायचं नाही. त्यालाच विचारून ताडून बघायचं.

आता चार आणि पाच नंबरच्या कॉटवर दोन न्यूमोनिया आहेत असं समज. चार नंबरला ऊसतोडीला आलेली तरुण बाई, कोपीत राहणारी, अंगावर पिणारं लेकरू. पाच नंबरला राजारामपुरीतले सत्तरीचे निवृत्त मास्तर. डॉक्टरांचं निदान एकच, अँटिबायोटिकही कदाचित एकच. मास्तरांना खोकताना बरगडीत कळ येते म्हणून ते खोकला दाबून धरतात आणि बेडका आतच राहतो. तुझं निदान तिथे आहे : दुखण्यामुळे खोकता येत नाही, म्हणून श्वासमार्ग मोकळा राहत नाही. त्यांना उठवून बसवायचं, छातीशी उशी धरून खोकायला शिकवायचं, दुखण्याचं औषध दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने खोकायला लावायचं आणि संध्याकाळी बघायचं, की बेडका सुटतोय का. त्या बाईला खोकता येतंय. पण मुकादमाची उचल अंगावर असल्याने ती उद्या ताप उतरला की निघून जाणार, औषध अर्ध्यावर सोडून. तिचा धोका तो आहे. तिच्या नवऱ्याशी कधी बोलायचं, गोळ्या कशा समजावायच्या, लेकराला दूध कसं मिळेल, हे तुझं नियोजन. सीनियरच्या वहीत हे सापडणार नाही, कारण सीनियरला ही बाई भेटलेलीच नाही.

माझ्या उमेदवारीतली एक गोष्ट सांगते. वॉर्डात एक आजी होत्या, पाणी पीत नव्हत्या. तीन दिवस आम्ही 'तोंडाने घेत नाही' असं लिहीत राहिलो आणि सलाईन चालू ठेवलं. चौथ्या दिवशी एका मावशींनी त्यांना विचारलं. पाणी प्यालं की लघवीला लागतं आणि पुरुष नातेवाईक वॉर्डात फिरत असताना बेडपॅन मागायची लाज वाटते, असं आजींनी सांगितलं. एक पडदा लावला आणि दर तीन तासांनी आम्हीच बेडपॅनचं विचारू लागलो. आजी पाणी प्यायला लागल्या. आम्ही सहा शिकलेल्या बायका तीन दिवस नोंद करत होतो, 'का' हे एकीनेही विचारलं नव्हतं. त्या तीन दिवसांची मला अजून लाज वाटते.

तेव्हा पुढच्या पोस्टिंगला दहा प्लॅन उतरवू नकोस. एकच पेशंट घे, त्याच्याजवळ वीस मिनिटं बस, मग लिही. मार्क कमी पडले तर पडू देत.

प्रश्न : नाइटला एका ऑपरेशन झालेल्या पेशंटबद्दल मला सारखं वाटत होतं, की याचं काहीतरी बिघडतंय. बीपी, नाडी ठीक होती. डॉक्टरांना फोन केला, तर 'नक्की काय झालंय ते सांगा, उगाच उठवू नका' म्हणाले. मला सांगता आलं नाही. वाटणं आणि सिद्ध होणं यातलं अंतर कसं भरायचं? (स्टाफ नर्स, कोल्हापूर)

तुम्हाला वाटलं ते उगाच नाही. पेशंटचा रंग, डोळ्यांतलं लक्ष, अंथरुणात सारखी कूस बदलणं, हे सगळं अनुभवी डोळा एकदम टिपतो, त्याला शब्द मागाहून सुचतात. पण डॉक्टर झोपेतून उठून तुमच्या डोळ्यांनी बघू शकत नाहीत. म्हणून तसं वाटलं की पहिलं काम : श्वास मोजा. पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर धरून, पेशंटला न सांगता. मनगट नाडीसाठी धरल्यासारखं धरून ठेवा आणि छातीकडे बघा.

आपल्याकडच्या टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास यांच्या तक्त्यावर) सगळ्यांचे श्वास २० असतात. हे मी कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही. मीही लिहिले आहेत. एका रुग्णालयात माझ्या हातच्या चार्टवर पहाटे चारला २० होते आणि सहाला ओव्हर (ड्यूटीचा ताबा) घ्यायला आलेल्या सिस्टरने मोजले तेव्हा ३२. तो माणूस वाचला, पण ते दोन तास त्याचे मी घालवले होते. माणूस बिघडू लागला की बीपी बऱ्याचदा शेवटी पडतं. शरीर नाडी वाढवून, रक्तवाहिन्या आवळून ते सावरून धरतं. श्वास मात्र आधीच वाढतो.

ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये यासाठी गुणांची एक पद्धत ठरवली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण द्यायचे, ऑक्सिजन लावलेला असेल तर त्याचे वेगळे. श्वास १२ ते २० असतील तर शून्य, २१ ते २४ ला दोन, २५ किंवा जास्त असतील तर एकदम तीन. बेरीज पाच झाली तर तातडीने बघायचं, सात झाली तर आणीबाणी. तुमच्याकडे हा तक्ता लागू नसेल, तरी स्वतःच्या डायरीत एक ठेवा.

फोनवर बोलायचा क्रमही ठरलेला बरा. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांत वापरली जाणारी एक रीत पुढे रुग्णालयांनी घेतली : आत्ता काय झालंय, मागे काय होतं, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. म्हणजे असं : 'सर, सात नंबर, काल आतड्याचं ऑपरेशन. तासाभरात श्वास १८ वरून २८ झालेत, नाडी ११२, अस्वस्थ आहे, लघवी तीन तासांत ४० मिली. इन्फेक्शन पसरत असावं किंवा आत रक्तस्राव असावा असं मला वाटतं. तुम्ही येऊन बघावं.' शेवटचं वाक्य बोलायला आपल्या मुली कचरतात. तेच बोला, आणि फोनची वेळ केस पेपरवर लिहा.

प्रश्न : मी प्राथमिक आरोग्य केंद्रात ब्रदर (पुरुष नर्स) आहे. 'क्रिटिकल थिंकिंग' यावर आमचं प्रशिक्षण झालं, सगळं स्लाइडवर होतं. आमच्यासारख्या ठिकाणी त्याचा प्रत्यक्ष अर्थ काय? (शाहूवाडी)

ब्रदर, तुमच्या भागातलंच उदाहरण घेऊ. पावसाळ्यात पहाटे पाचला एक शेतकरी येतो. पोटात दुखतंय, एकदा उलटी झाली. ताप नाही. समोर सोपं उत्तर तयार असतं : ॲसिडिटी, रात्रीचं जेवण बाधलं. पँटॉपचं इंजेक्शन देऊन माणूस बाकड्यावर झोपवता येतो.

इथे थांबून स्वतःला विचारायचं, की याच तक्रारीमागे जिवावरचं काय असू शकतं? आणि मग दोन प्रश्न करायचे. रात्री कुठे झोपला होता? जमिनीवर? मण्यार रात्री घरात शिरते, खाली झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे पोटदुखी, उलटी, आणि मग पापण्या जड होतात. त्याला वर बघायला लावा. पापण्या पूर्ण उघडतात का? घोट गिळता येतो का? उशीवरून मान उचलता येते का? एका श्वासात कितीपर्यंत मोजतो? पहिल्या वेळी तीसपर्यंत मोजलं आणि अर्ध्या तासाने पंधरापर्यंतच, तर श्वासाचे स्नायू दमत चालले आहेत. तुमचे डॉक्टर, सर्पविषावरची लस, अँब्युबॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), १०८ ची गाडी, सगळं एकदम हलवायला हवं.

घोणस, फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. ते तपासायला कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. मण्यारीच्या दंशात ही तपासणी नॉर्मल येते. जो ब्रदर फक्त ‘रक्त गोठलं, म्हणजे विष नाही’ एवढंच शिकला, तो इथे फसतो. तपासणी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते हे माहीत असल्याशिवाय तिच्या निकालावर विसंबता येत नाही.

मान उचलायला लावणं ही बिनपैशाची तपासणी आणखी एका ठिकाणी जीव वाचवते. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक पोटात गेलेला पेशंट ॲट्रोपिन या उताऱ्यावर सुधारतो, छाती मोकळी होते, बोलू लागतो. नातेवाईक घरी न्यायचं बघतात. आणि एक ते चार दिवसांच्या काळात त्याच्या मानेचे, दंडाचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. प्रत्येक ड्यूटीला एकदा 'मान उचला बघू' म्हटलं, तर हे आधी कळतं. सुधारलेल्या पेशंटकडे पुन्हा जाऊन बघणं ही पाचवी पायरी, मूल्यमापनाची. स्लाइडवर तिला एक ओळ मिळत असेल. मी शिकवताना तिला सगळ्यात जास्त वेळ देते.

प्रश्न : सासऱ्यांना (आम्ही मामा म्हणतो) अर्धांगवायू होऊन दोन महिने झाले. माकडहाडावर लाल डाग दिसतोय. शेजारच्या काकू म्हणतात, रोज तिथे स्पिरिट लावून जोरात चोळा, आणि रबरी रिंग घाला. करू का? (गृहिणी, इचलकरंजी)

चोळू नका, आणि रिंगही नको. काकूंचं चुकलं असं म्हणवत नाही, कारण आम्हालाही एके काळी स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायलाच शिकवलं होतं. पुढे कळलं, की दाबाने आधीच दुखावलेली कातडी चोळल्याने आतून आणखी फाटते, स्पिरिटने कोरडी पडते, आणि रिंगमुळे मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो.

डागावर बोट दाबून उचला. क्षणभर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं, तर बरं आहे. लालच राहिलं, तर बेडसोअरची पहिली पायरी आहे. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, म्हणून हाताने गरमपणा आणि कडकपणाही बघत जा. आता दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर वळवण्यापेक्षा पाठीमागे उशी देऊन थोडंसंच कलतं ठेवा, मग ना माकडहाडावर भार ना कुल्ह्यावर. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. वर सरकवताना ओढू नका, खालच्या चादरीसकट दोघांनी उचला. ओलं डायपर लगेच बदला. डाळ, अंडं, दूध वाढवा, पण भरवताना पूर्ण बसवून, नाहीतर ठसका लागून अन्न श्वासनळीत जातं. मामांना शुगर असेल किंवा कातडी फुटली असेल, तर डॉक्टरांना दाखवायला उद्यावर टाकू नका.

आणि एक. दोन-दोन तासांनी उठणारी तुम्ही एकटीच आहात का? पत्रात दुसऱ्या कुणाचं नाव नाही. रात्री बाराची आणि दोनची पाळी घरातल्या पुरुषांनी घ्यावी. हे माझं नाव सांगून घरात म्हणा.

प्रश्न : आमचं शिक्षण इंग्रजीत, पेशंट कोल्हापुरीत बोलतो. नर्सेस नोट्समध्ये त्याचं बोलणं कसं लिहायचं? (विद्यार्थी, कागल)

त्याच्याच शब्दांत, अवतरणात. दुखण्याला आपल्या भाषेत जितके शब्द आहेत, तितके तुझ्या पुस्तकात नसतील. ठणकतंय म्हणजे पू धरतोय का बघ. कळा येऊन जातायत म्हणजे आतडं किंवा मूतखडा मनात आण. आग होतेय, मुंग्या येतायत म्हणजे शीर आणि शुगर. चमक निघते, सलतं, ओढ लागते, या सगळ्यांचा 'पेन प्रेझेंट' केलास की डॉक्टरांना मिळणारी खूण तू पुसलीस. या शब्दांवरून निदान होत नाही, पण पुढचा प्रश्न कुठला विचारायचा ते कळतं.

रक्त चढवायला सुरुवात करून दहा मिनिटं झालीत आणि पेशंट म्हणतो, 'सिस्टर, कायतरी कसंतरीच व्हायलंय.' पहिली पंधरा मिनिटं सगळ्यात धोक्याची, हे तू शिकलायस. रक्त थांबव, त्याच्याजवळच उभा राहून सिस्टरना हाक मार, श्वास मोज. ते झालं की वेळ टाकून हेच शब्द लिही, एकही न बदलता.